अंबारीतल्या तीन खिडक्या

वेदश्री : ...आणि मी डॉक्टरांशी भांडले, आई. भर दवाखान्यात. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

वेणूबाई : भांडलीस? अगं, एवढी समजूतदार सून माझी, आणि डॉक्टरशी भांडायचं काय कारण?

वेदश्री : ते म्हणाले, घरी मुलीच्या डोळ्याची पट्टी नीट बांधत नसाल. मला राग आला. म्हटलं, गणपतीत सुरू केलं, आता उगादीचा पाडवा तोंडावर आला, एक दिवस चुकवलेला नाही. रुक्कू शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आत माझ्या सासूबाई पट्टी बांधतात, ती रात्री जेवायला बसताना सुटते. रविवारी मी स्वतः बांधते. तर म्हणाले, मूल फार रडत असेल? म्हटलं, अजिबात नाही, पहिले आठ-नऊ दिवस रडली तेवढंच. त्यावर ते नुसते बघत राहिले माझ्याकडे.

वेणूबाई : आधी हातपाय धू बघू. हुबळीहून उन्हातनं आलीस. चहा टाकते.

वेदश्री : चहा नको. ऐका तरी पुढचं.

वेणूबाई : ऐकायलेय की. रुक्कूला कुठं सोडलीस?

वेदश्री : खाली दीपालीकडे. त्यांच्या मांजरीला पिल्लं झालीत, ती बघत बसलीय. बरंच झालं, तिच्यासमोर मला हे बोलायचं नव्हतं. आई, तिचा उजवा डोळा होता तिथंच आहे. एक ओळ खाली सरकली नाही. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं ते एवढं मोठं अक्षर, तेवढंच वाचते. सप्टेंबरात तेच, आज तेच.

वेणूबाई : अय्यो! असं कसं? त्यांच्या तक्त्यातच काही खोट असेल.

वेदश्री : मीही असलंच काहीतरी म्हणाले. म्हटलं, संक्रांतीला या पोरीनं पट्टी बांधलेली असताना भिंतीवरचं घड्याळ वाचलं. पावणेपाच म्हणाली, आणि खरंच पावणेपाच वाजले होते. तुम्हाला आठवतं ना? मी तिला उचलून घरभर नाचले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, माझ्या पोरीचा डोळा उघडला म्हणून. आणि आज डॉक्टर म्हणतात, बाई, त्या डोळ्याला घड्याळ दिसणं शक्य नाही. भिंत दिसली तरी पुष्कळ.

वेणूबाई : डॉक्टर म्हणजे काय देव लागून गेले?

वेदश्री : ती साडेसात वर्षांची झाली, आई. आठ-नऊपर्यंत काय ते करून घ्या म्हणाले. चांगला डोळा झाकला तरच आळशी डोळा कामाला लागतो. नाही लागला, तर त्याच्याकडून येणारं काही घ्यायचंच नाही अशी मेंदूला सवय होते. डोळा बाहेरून असतो छान, काजळ घातलं तर शोभतो, पण उपयोग शून्य. मग जन्मभर एकाच डोळ्यावर. उद्या त्या एकाला काही लागलं तर काय करायचं तिनं?

वेणूबाई : नको गं असं तोंडातनं काढूस.

वेदश्री : मी नाही काढलं, त्यांनी काढलं. निघताना म्हणाले, घरी शिवलेली पट्टी आहे ना, ती एकदा दिव्यासमोर धरून बघा. उजेड जरासुद्धा आत येता कामा नये. म्हणून येताना दुर्गदबैलाच्या बाजारात उतरले आणि हे काळं पॉपलीन आणलं. दुहेरी करून शिवा म्हणाले. द्या ती जुनी पट्टी, मापाला लागेल.

वेणूबाई : ती... ती धुवायला टाकलीय.

वेदश्री : दोरीवर तर नाही.

वेणूबाई : माप मला पाठ आहे. तू कापड दे इकडं. चार बोटं लांब, तीन बोटं उंच, नाकाकडे जरा कमी. जुनी कशाला हवी?

वेदश्री : ही काय, तुमच्या सुयांच्या डब्यात आहे की. कोरडी ठणठणीत.

वेणूबाई : वेदू, थांब. उजेडाला धरू नकोस. मीच सांगते तुला.

(वेदश्री उठून पट्टी खिडकीसमोर धरते.)

वेदश्री : तीन आहेत.

वेणूबाई : हो.

वेदश्री : हत्तीच्या पाठीवर. अंबारीच्या तीन खिडक्या. मी रोज बघत होते पट्टीवर भरलेला हा हत्ती, आई. जगाला दाखवत सुटले होते. आमच्या ऑफिसातल्या रेखानं भाचीसाठी असाच मागितला होता. माझ्या सासूबाईंचं कसूतीचं भरतकाम म्हणजे उलटसुलट सारखं, गाठ म्हणून सापडायची नाही, असं कौतुक सांगत होते. ही भोकं सुई लागून पडलीत ना? तसं म्हणा. चुकून पडलीत म्हणा.

वेणूबाई : चुकून नाही गं. धागे काढलेत मी. आडवे दोन, उभे दोन, आतलं अस्तरही तिथंच कापलं. आणि कडेनं टाके घेतलेत, भोकं वाढू नयेत म्हणून.

वेदश्री : मोजून काढलेत.

वेणूबाई : मोजूनच काढावे लागतात.

वेदश्री : म्हणजे ही पोर सहा महिने चांगल्या डोळ्यानं बघत होती. घड्याळ त्याच डोळ्यानं वाचलं. मी पेढे वाटले.

वेणूबाई : त्या दिवशी तू तिला घेऊन नाचलीस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आत्ता सांगावं, आत्ता सांगावं असं झालं. पण तुझं तोंड बघवेना एवढी तू खूश होतीस.

वेदश्री : का केलंत? मला आधी ते सांगा. तुम्ही काही अडाणी नाही. चांगला डोळा का झाकायचा ते तुम्हीच शेजारणींना समजावून सांगत होतात.

वेणूबाई : समजावत होते खरी. ती चिकटवायची पट्टी आणायचीस, आठवतं? काढताना भुवईचे केस उपटून यायचे, कातडी लाल व्हायची. म्हणून मी कापडाची केली. माझ्या चंद्रकळेचा तुकडा, आत मऊ फलाटीनचं अस्तर घालून. नऊ दिवस साधीच होती, एक भोक नव्हतं. नऊ दिवस ती भिंत धरून हिंडली गं, या घरात, जिथं जन्मापासून पळत आली. शाळेतनं आल्यावर वाढलं की ताटात भात कुठं, भाजी कुठं ते हात घालून शोधायची. तू ऑफिसात. तिचा बाप सुधींद्र तिकडं कलबुर्गीला नोकरीवर. बघायला मी एकटी.

वेदश्री : मला फोन करायचा होता.

वेणूबाई : करून काय सांगू? नववा दिवस, फाटकाकडे निघाली आणि पायरी चुकली. तोंडावर आपटली. ओठातनं हे भळाभळा रक्त.

वेदश्री : ओठाला पडला तो टाका? तुम्ही तर दोरीच्या उड्या खेळताना पडली म्हणालात.

वेणूबाई : खोटं बोलले. खालच्या भीमसेनअण्णांच्या स्कूटरवर बसवून नेलं तिला, तेही उड्याच म्हणाले, मी सांगितलं म्हणून. आणि ती पडली तेव्हा मागच्या गल्लीतली पोरं होती फाटकाशी. कुरुडी बंदळु, कुरुडी बंदळु म्हणून टाळ्या पिटायली. आंधळी आली म्हणे! त्यांना हाकलून दिलं मी. पण रात्री ही माझ्या कुशीत शिरून म्हणते, अज्जी, मला चांगलं दिसत होतं की, तुम्ही मला कुरुडी का केलीत?

वेदश्री : आणि तुम्ही विरघळलात.

वेणूबाई : हो. माझं मोतीबिंदूचं आपरेशन झालं तेव्हा एक रात्र पट्टी होती डोळ्यावर. मी म्हातारी बाई, जन्म काढलेली, तरी जीव घाबरा झाला, उठून बसले चारदा. हे तर लेकरू. दुसऱ्या दिवशी हत्ती काढायला घेतला, तिला जरा हौस वाटावी म्हणून. तेवढ्याचसाठी, शपथेवर सांगते. अंबारीपाशी आले आणि हात थांबला. वाटलं, तीन बारीक भोकं, एवढ्यानं काय होतंय? पथ्य असलं तरी माणूस एखादा घास खातोच की. तेवढीच पायरी दिसेल तिला.

वेदश्री : हत्ती आला आणि रडणं थांबलं. मी म्हणायचे तसं सगळ्यांना. हत्तीमुळं थांबलं.

वेणूबाई : मी रोज म्हणायचे, आता उद्या भोकं बुजवते. पंधरा मिनिटांचं काम. दिवाळी झाली की बुजवते, परीक्षा झाली की बुजवते. ती इतकी आनंदात असायची! मग तुझं ते घड्याळ आलं. त्यानंतर बुजवली असती तर तिला परत काही दिसलं नसतं, आणि तू विचारलं असतंस, असं कसं झालं म्हणून. अडकून बसले गं मी. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

वेदश्री : पण मला एक कळत नाही. रुक्कूनं मला सांगितलं कसं नाही? हिच्या पोटात काही राहत नाही. शाळेत कुणी कुणाचं खोडरबर घेतलं ते रस्त्यातच सांगून मोकळी होते.

वेणूबाई : ते नको विचारूस.

वेदश्री : आई.

वेणूबाई : शपथ घातली होती तिला.

वेदश्री : कसली शपथ?

वेणूबाई : माझ्या गळ्याची. आईला सांगितलंस तर अज्जी मरेल म्हटलं.

वेदश्री : सात वर्षांच्या पोरीला?

वेणूबाई : तोंडातनं निघून गेलं. आपण नाही का उठता-बसता शपथा घालत, जेवली नाहीस तर माझी शपथ, उन्हात गेलीस तर माझी शपथ. तसंच निघालं.

वेदश्री : तसंच नाही, आई! भोकं पाडलीत ते एकवेळ मी समजू शकते. उद्या, परवा, कधीतरी समजेनसुद्धा. पण तिला माझ्यापासून तोडलंत तुम्ही. रोज संध्याकाळी मी विचारायचे, काय केलंस, कशी होतीस, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून गोड हसायची. ते हसू खोटं होतं म्हणजे. माझी पोर मला घाबरून हसत होती आणि मला कौतुक वाटत होतं.

वेणूबाई : मार मला. खरंच सांगते, दोन थोबाडीत मार. मला बरं वाटेल.

वेदश्री : तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही करणार नाही आत्ता.

वेणूबाई : बरोबर आहे तुझं.

वेदश्री : आणि मी तरी कोण मोठी? रविवारी ही पट्टी माझ्याच हातात असायची. तीस रविवार झाले असतील. एकदा, फक्त एकदा खिडकीकडे धरली असती तर! पण ती रडत नव्हती ना. मला सुटल्यासारखं वाटत होतं. पट्टी बांधायची आणि दुपारी मस्त झोपायचं. मूल रडत नाही म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकतंय, हे त्या परक्या माणसाला एका वाक्यात कळलं. मी आई, मला सहा महिन्यांत कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं मला.

वेणूबाई : तुझा काही दोष नाही यात. सगळं माझं आहे.

वेदश्री : तुम्ही दोष एकट्या घेऊन बसू नका. त्यानं तिचा डोळा काही चांगला व्हायचा नाही.

वेणूबाई : अजून होईल ना पण? काय म्हणाले ते? नक्की काय म्हणाले?

वेदश्री : नक्की काही म्हणत नाहीत. शाळेतली पहिली दोन वर्षं हातची गेली, आपल्याला कळलंच नाही म्हणून. आता हे सहा महिने गेले. राहिलं ते थोडं आहे. रोज सहा तास, अगदी घट्ट, तीन महिने करा, मग बघू म्हणाले. नाही सरकली ओळ, तर स्पष्ट सांगेन म्हणाले.

वेणूबाई : सुधींद्रला सांगणार?

वेदश्री : तुम्हाला काय वाटतं?

वेणूबाई : सांग. मीच सांगते, संध्याकाळी फोन लावून दे. आता परत काही झाकायला माझ्यात जीव नाही. ओरडेल, ओरडू दे.

वेदश्री : तो ओरडणार नाही. तो गप्प होईल.

वेणूबाई : हो गं. त्याचीच भीती वाटते. वेदू, ही पट्टी... तू शिवतेस का? की बाहेर टेलरकडे देऊ या? माझ्या हातची आता तुला नको असेल.

वेदश्री : मला सरळ टाका येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि टेलर असलं शिवून देणार नाही, डोळ्याला लागेल त्याची शिलाई. तुम्हीच शिवा. मी समोर बसते.

वेणूबाई : बस. बसच समोर. कात्री दे. कापड दुहेरी घालते आणि मधे फलाटीनचा तुकडा. म्हणजे तीन पदर झाले.

वेदश्री : चार करा.

वेणूबाई : चार करते. मधोमध चुणी घेते, वाटीसारखं झालं की पापण्या घासत नाहीत. बघ, इथनं. इलॅस्टिक जुनंच लावू? अजून ताठ आहे.

वेदश्री : लावा. पण कसूती नको.

वेणूबाई : नाही, काही नाही काढत. साधी.

वेदश्री : दोरा ओवला जात नाहीये तुमच्यानं. जरा थांबा हवं तर.

वेणूबाई : थांबले तर परत शिवायची नाही मी. दोरा ओवून दे तेवढा. हं. नाकाच्या बाजूनं उजेड शिरतो, तिथं जरा पाकळी सोडते. ती गालाला बसली की झालं. तुला सांगू, सगळी अक्कल आहे माझ्याकडे. नव्हती असं म्हणायलासुद्धा तोंड नाही. घे. धर दिव्याला.

वेदश्री : काही दिसत नाही.

वेणूबाई : कडेनं बघ. शिवणीतनं बघ.

वेदश्री : नाही. गच्च आहे.

वेणूबाई : हाक मार तिला.

वेदश्री : आलीच बघा. जिन्यात पाय वाजतायत.

रुक्कू : आई, चार पिल्लं आहेत! एक पूर्ण पांढरं आहे, आणि त्याचे डोळे अजून उघडलेच नाहीत. दीपालीमावशी म्हणाली, हात लावायचा नाही. अज्जी, बेसनाचा लाडू आहे?

वेणूबाई : आहे. मग देते. इकडं ये, माझ्याजवळ बस.

रुक्कू : ही कुठली पट्टी? माझी हत्तीवाली कुठंय?

वेदश्री : माझ्याकडे आहे. रुक्कू, मला एक सांग. या अंबारीतून काय काय दिसायचं तुला?

रुक्कू : काही नाही.

वेदश्री : मी रागवणार नाही.

रुक्कू : काही दिसायचं नाही. सगळं काळं काळं असायचं. मी त्या दुसऱ्या डोळ्यानं बघायचे.

वेदश्री : असं का! किती छान बोलतेस गं, एकदासुद्धा अडखळली नाहीस.

रुक्कू : अज्जी, तू का रडायलीस? मी काही नाही सांगितलं. खरंच नाही सांगितलं!

वेणूबाई : माझ्या राणी, सांग आईला. शपथ सुटली. सुटली म्हटलं बघ मी.

रुक्कू : तीनदा म्हण.

वेणूबाई : सुटली, सुटली, सुटली.

रुक्कू : आता सांगितलं तर तू मरणार नाहीस?

वेणूबाई : नाही गं. आधीही मरणार नव्हते. मी उगीच काहीतरी बोलले तेव्हा. वाईट बोलले.

रुक्कू : पण तू आजारी पडली होतीस. मागं, ताप आला होता तुला. मला वाटलं, मी झोपेत सांगितलं की काय. म्हणून मी तोंडात चादर घालून झोपायचे.

वेदश्री : अगं, ये. ये इकडं माझ्याकडे. झालं, साकु, पुरे आता. आता तुला काही लपवायचं नाही. कुणापासून नाही.

रुक्कू : तू अज्जीला बोललीस का?

वेदश्री : बोलले थोडं. आणि स्वतःलाही बोलले.

रुक्कू : तिला नको बोलूस. भोकं मला हवी होती. मीच मोठी कर म्हणायचे, ती नाही म्हणायची.

वेणूबाई : ऐक रुक्कू, आता ही नवी पट्टी. हिला एकही भोक नाही. पहिल्यासारखं सगळं धूसर दिसणार. तू पडशील, धडपडशील, रडायला येईल. रडायचं खुशाल. पण मी काढून देणार नाही. कितीही हात धरलेस तरी नाही.

रुक्कू : किती दिवस?

वेदश्री : रोज. पुष्कळ दिवस. त्या डोळ्याला बघायला शिकवायचंय आपल्याला.

रुक्कू : आणि ती पोरं कुरुडी म्हणाली तर?

वेदश्री : तर मी येईन फाटकाशी. मी सुट्टी काढणार आहे, महिनाभर. दुपारी मी घरीच असेन.

रुक्कू : खरं? ...बरं. बांध.

वेणूबाई : तू बांध, वेदू.

वेदश्री : नाही, तुम्हीच बांधा. तुम्हाला नीट बसवता येते.

वेणूबाई : घट्ट होतेय का गं? कानाला लागतंय?

रुक्कू : नाही. ...अय्यो, केवढं काळं! आई, तू खिडकीत आहेस ना? साडी कळते, हिरवी. अज्जी कुठं गेली?

वेणूबाई : इथं आहे की, तुझ्यासमोर. दोन हातांवर.

रुक्कू : हां, आहेस. पण तोंड पुसल्यासारखं झालंय तुझं. अज्जी, तू हसायलीस की रडायलीस?

वेदश्री : सांगू नका, आई. तिचं तिला बघू दे.